सरोवरांतील ट्राउट आणि आपला गळ

(एक माजी विद्यार्थी)

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण नाचणाऱ्यांपेक्षां मासे गरविणाऱ्यांसच अधिक लागू पडते, असें मला पुष्कळदां वाटतें. दिवसभर बसूनहि मासा लागला नाहीं, म्हणजे दोष कधीं वाऱ्याचा, कधीं पाण्याचा, आणि बहुतेक वेळां गळास लावलेल्या आमिषाचा ठरतो. मग स्वारी दुकानांत जाते. तेथील भिंतीवर सोनेरी, रुपेरी, हिरवीं, जांभळीं, ठिपक्यांचीं, पट्ट्यांचीं अशीं शेंकडों आमिषें टांगलेलीं असतात. त्यांतील दोनचार खरेदी करून गृहस्थ समाधानानें घरीं येतो. त्या आमिषानें मासा पकडला जावो वा न जावो, माणूस मात्र हमखास पकडला जातो! "दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें" हें वचन केवळ माशांस उद्देशून केलेलें नाहीं, हें अशा वेळीं ध्यानांत येतें.

आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले कांहीं विद्यार्थी आज टोरंटो, शिकागो, डेट्रॉइट या बाजूस स्थायिक झाले आहेत. त्या मुलखांत सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारियो अशीं गोड्या पाण्याचीं पांच महासरोवरें पसरलेलीं आहेत. कोंकणांत किंवा एखाद्या नदीच्या कांठीं ज्यांचें बाळपण गेलें, त्यांस सुटीच्या दिवशीं तें अफाट पाणी पाहून गळ टाकण्याची इच्छा व्हावी, हें स्वाभाविकच आहे. तेथें जो मासा अशा माणसास सर्वांत अधिक मोह घालतो तो लेक ट्राउट, म्हणजे सरोवरांतील ट्राउट. "याच्यासाठीं गळ कोणता घ्यावा?" हा प्रश्न नव्यानें आलेला प्रत्येक जण विचारतो. वस्तूंची एक यादी हातीं देऊन या प्रश्नाची वाट लावणें सोपें आहे. परंतु तें खरें उत्तर नव्हे. माझें मत असें आहे कीं, गळाची निवड ही खरेदीची बाब नसून ज्ञानाची, आणि ज्ञानाइतकीच कर्तव्याचीहि बाब आहे. आधीं मासा ओळखावा, मग पाणी ओळखावें, मग धरलेल्या माशाचें आपण पुढें काय करणार हें ठरवावें, आणि सर्वांच्या शेवटीं दुकानाची पायरी चढावी. हा क्रम पाळल्यानें काय साधतें, आणि सोडल्यानें काय बिघडतें, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम मासा. नांवानें हा ट्राउट असला तरी शास्त्रदृष्ट्या तो खरा ट्राउट नव्हे. 'चार' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शीतप्रिय माशांच्या कुळांतील तो आहे. काश्मीरच्या आणि निलगिरीच्या पाण्यांत इंग्रजांनीं आणून सोडलेले जे ट्राउट, त्यांचा हा नातलग खरा, परंतु याचा स्वभाव निराळा. सन १७९२ मध्यें वालबाम या जर्मन शास्त्रज्ञानें याला जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांतील 'नमेकुश' हा शब्द त्या प्रदेशांतील मूळ रहिवाशांच्या भाषेंतला आहे. करड्या-हिरवट अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी, ही याची खूण. कॅनडाचा फार मोठा भाग आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तरेकडील भाग, हें याचें माहेरघर. खोल, थंड आणि निर्मळ पाण्यावांचून याला चैन पडत नाहीं.

परंतु सर्वांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, हा मासा अतिशय सावकाश वाढतो. अंडीं घालण्याजोगें होण्यास त्याला सहासात वर्षें, आणि उत्तरेकडील अतिथंड सरोवरांत दहांहूनहि अधिक वर्षें लागतात. तेथें चाळीस-पन्नास वर्षें वयाचे मासे आढळले आहेत. सन १९६१ मध्यें अथाबास्का सरोवरांत जाळ्यांत सांपडलेला एक मासा १०२ पौंडांचा भरला. आणि सन १९९५ मध्यें ग्रेट बेअर सरोवरांत धरलेला ७२ पौंडांचा मासा गळाच्या शिकारीचा उच्चांक म्हणून नोंदला गेला. हे आंकडे ऐकून हांव सुटते. विचारी माणसानें मात्र त्यांतून निराळा बोध घ्यावा. जो वृक्ष पन्नास वर्षांत वाढला तो एका सकाळीं तोडला, तर त्याच्या जागीं तसाच दुसरा पाहण्यास पुन्हां पन्नास वर्षें थांबावें लागतें.

आतां पाणी. पाणी चार अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, हें आपण सर्वांनीं पदार्थविज्ञानाच्या वर्गांत पाठ केलें आहे; परंतु त्या पाठाचा उपयोग सरोवराच्या कांठीं होतो हें फार थोड्यांस सुचतें. उन्हाळ्यांत वरचें पाणी तापून हलकें होतें आणि खालच्या थंड पाण्यावर तेलासारखें तरंगत राहतें. या दोहोंच्या मध्यें एक थर असा असतो कीं, त्यांत थोड्याच हातांच्या अंतरांत उष्णता झपाट्यानें उतरते. लेक ट्राउटला सुमारें दहा अंशांचें पाणी मानवतें. अर्थात् उन्हाळ्यांत तो या थराच्या आसपास किंवा त्याच्या खालीं उतरून बसतो. वरच्या कोमट पाण्याशीं त्याचें कांहीं काम उरत नाहीं.

यावरून वर्षाचें वेळापत्रक आपोआपच तयार होतें. बर्फ वितळतांच सर्व पाणी जवळजवळ सारखेंच थंड असतें. त्या दिवसांत मासा किनाऱ्यालगत, दहावीस फूट पाण्यांतहि येतो, आणि कांठावरून फेंकलेला एखादा हलका चमचा त्याला पुरतो. जुलै-ऑगस्टांत तोच मासा साठ, ऐंशी, शंभर फूट आणि कित्येकदां त्याहूनहि खोल जातो. सुपीरियर सरोवरांत 'सिस्कोवेट' नांवाची याची एक मेदस्वी जात आहे, ती तर तीनशें फुटांखालींहि राहते. शरदऋतूंत हा मासा खडकाळ उथळांवर अंडीं घालण्यास येतो. तो घरटें करीत नाहीं. अंडीं दगडांच्या फटींत पडतात आणि वसंतांत फुटतात. त्या काळांत पुष्कळ ठिकाणीं याची मासेमारी कायद्यानें बंद असते. जेथें बंद नसेल तेथें सज्जनानें ती आपण होऊन बंद ठेवावी. पुढें हिंवाळ्यांत गोठलेल्या सरोवरावर भोंक पाडून सरळ खालीं गळ सोडतात. आतां पाहा: मे महिन्यांत ज्या चमच्यानें तीन मासे दिले, त्यानें ऑगस्टांत एकहि दिला नाहीं, तर त्यांत चमच्याचा काय अपराध? मासा त्याच्याखालीं ऐंशी फुटांवर स्वस्थ बसलेला असतो. म्हणून मी म्हणतों कीं, ज्यानें एक साधा उष्णतामापक दोरीस बांधून पाण्यांत सोडला, त्यानें शंभर नव्या आमिषांपेक्षां अधिक मोलाचें काम केलें.

एवढें समजलें म्हणजे उन्हाळ्यांतील खरा प्रश्न आमिष कोणतें हा नसून, तें खोल पाण्यांत पोंचवावें कसें हा आहे, हें कळून येतें. त्यासाठीं मुख्यतः चार मांडण्या प्रचारांत आहेत. पहिली सेथ ग्रीन (१८१७–१८८८) याच्या नांवानें ओळखली जाते. या गृहस्थानें सन १८६४ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत कॅलिडोनिया येथें मत्स्यसंवर्धनाचें केंद्र उभारलें, आणि अमेरिकेंतील मत्स्यसंवर्धनाच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. या मांडणींत एका मुख्य दोरीच्या टोंकास जड वजन असतें, आणि ठराविक अंतरावर तिला चारपांच आडव्या दोऱ्या बांधून प्रत्येकीस एकेक आमिष लावलेलें असतें. नाव सावकाश चालविली म्हणजे निरनिराळ्या खोलींवर एकाच वेळीं शोध होतो. दुसरी मांडणी तांब्याच्या तारेची, किंवा आंत शिशाचा गाभा असलेल्या विणलेल्या दोरीची. तांब्याची तार शंभर फूट सोडली तर ती सुमारें वीसपंचवीस फूट खोल जाते. शिशाच्या दोरीचा रंग दर दहा यार्डांवर बदलतो, आणि एक रंग सोडला कीं आमिष सुमारें पांच फूट खालीं उतरतें, असा हिशेब धरतात. नावेचा वेग वाढला तर अर्थातच ही खोली कमी होते. तिसरी मांडणी डाउनरिगरची: एका स्वतंत्र तारेस आठदहा पौंडांचा गोळा टांगतात, आणि गळाची दोरी त्या तारेस चिमट्यानें अडकवितात; मासा लागतांच चिमटा सुटतो, आणि माणूस व मासा यांच्यामध्यें कसलेंहि वजन राहत नाहीं. चवथी रीत सर्वांत साधी. नाव थांबवून जड आमिष सरळ तळापर्यंत सोडावयाचें, तें तळाशीं दोनचार वेळां उचलून आपटावयाचें, आणि मग दोरी गुंडाळीत एकसारखें वर आणावयाचें.

नवशिक्यानें या चारांपैकीं चवथी रीत प्रथम शिकावी, असें माझें स्पष्ट मत आहे. तिला खर्च थोडा, सामान थोडें, आणि शिक्षण पुष्कळ. लेक ट्राउटची अशी खोड आहे कीं, वर चाललेल्या आमिषाचा तो पाठलाग करतो. पाठलाग चालूं असतां हात थांबविला तर तो पुष्कळदां तोंड फिरवितो, आणि वेग वाढविला तर झडप घालतो. माशाचा हा स्वभाव हाताच्या बोटांना कळतो, तो तारेच्या आणि चिमट्यांच्या यंत्रांतून कळत नाहीं. पुढें मोठ्या पाण्यावर जावयाचें झालें तर डाउनरिगर चांगला, कारण खोली नक्की ठरवितां येते. सेथ ग्रीनची मांडणी युक्तीची असली तरी ज्याला मासे परत सोडावयाचे आहेत त्यानें ती घेऊं नये; एकाच दोरीवर दोनतीन मासे लागले तर एकास सोडवीपर्यंत दुसऱ्याचे हाल होतात. शिवाय एका माणसानें किती गळ लावावे याविषयीं प्रत्येक संस्थानाचा नियम निराळा आहे. तो वाचल्याशिवाय अशी मांडणी पाण्यांत सोडणें बरें नव्हे.

आतां आमिषांकडे वळूं. सर्वांत जुनें आणि अद्यापि सर्वांत भरंवशाचें आमिष म्हणजे धातूचा चमचा. व्हरमाँट संस्थानांतील ज्यूलिओ ब्यूएल नांवाच्या गृहस्थाच्या हातून नावेंत बसून जेवतांना चमचा पाण्यांत पडला, आणि तो लकाकत बुडत असतां एका माशानें त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सन १८५२ मध्यें त्यानें अशा आमिषाचें पेटंट घेतलें हें खरें. चमचा दोलायमान होत बुडतो, तेव्हां तो जखमी लहान माशासारखा दिसतो. हेंच त्याचें सामर्थ्य. आमिषाचा आकार त्या पाण्यांतील खाद्याशीं जुळावा. कोठें लेक ट्राउट सिस्को किंवा स्मेल्ट हे मासे खातो, कोठें एलवाइफ, तर कोठें तळाशीं राहणारे स्कल्पिन आणि गोबी. खाण्यासाठीं ठेवलेला मासा चिरला म्हणजे त्याच्या पोटांत काय आहे तें अवश्य पाहावें. या विषयावर तितका विश्वसनीय ग्रंथ दुसरा नाहीं.

रंगाविषयीं तर बाजारांत फारच मोठा भ्रम आहे. पाण्यांतून जातांना तांबडा प्रकाश सर्वांत आधीं नाहींसा होतो; निर्मळ सरोवरांत हिरवा आणि निळा त्यामानानें पुष्कळ खोल जातो. यास्तव दुकानांतील दिव्याखालीं जो भडक तांबडा रंग माणसास भुलवितो, तो ऐंशी फूट खोल पाण्यांत काळपट दिसूं लागतो. तेथें रुपेरी, पांढरा, हिरवा आणि निळा हेच रंग कामाचे. नावेमागून आमिष ओढतांना वेग ताशीं दोन मैलांच्या आसपास ठेवावा, आणि चमच्याच्या पुढें कांहीं फुटांवर एक मोठी चकचकीत पट्टी लावावी; तिच्या लकाकीनें मासा दुरून जवळ येतो. एक मोठा रुपेरी चमचा, एक लहान, एक हिरवा-पांढरा, तळाशीं सोडण्यासाठीं एक जड चमचा, आणि वजनदार डोक्यावर चढविलेली मऊ रबरी पांढरी नळी: एवढीं पांच आमिषें ज्याच्या पेटींत आहेत, त्याला सहावें घेण्याची निकड मला तरी दिसत नाहीं. पळसाला पानें तीनच, तशीच ही गोष्ट.

येथवर यशाचा विचार झाला, आतां कर्तव्याचा. पहिली गोष्ट, जिवंत माशाचें आमिष. तें प्रभावी असतें हें नाकबूल करतां येत नाहीं. परंतु त्याचे दोन दोष आहेत. एक असा कीं, खऱ्या खाद्याचा घास मासा पोटाकडे ओढतो. त्यामुळें गळ घशांत खोल रुततो, आणि असा मासा परत सोडला तरी पुष्कळदां जगत नाहीं. धातूचें आमिष बहुधा ओंठास किंवा जबड्यास लागतें. दुसरा दोष याहून व्यापक आहे. एका पाण्यांतील लहान मासे डब्यांत घालून दुसऱ्या पाण्यावर नेले, आणि उरलेले तेथेंच ओतून दिले, तर त्यांच्याबरोबर परके जीव आणि रोग यांचाहि प्रवेश होतो. याच कारणासाठीं कॅनडांतील अल्गॉन्क्विन उद्यानांत आमिषाचे जिवंत मासे जवळ बाळगण्यासहि बंदी आहे. जेथें अशी बंदी नाहीं तेथेंहि कृत्रिम आमिषच वापरावें, असें मी आग्रहानें सांगेन.

दुसरी गोष्ट, गळाचा कांटा. दुकानांतील बहुतेक आमिषांस तीन आंकड्यांचा गळ लावलेला असतो, आणि प्रत्येक आंकड्यास उलटा कांटा असतो. तो काढून एका आंकड्याचा गळ लावावा, आणि त्याचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून सपाट करावा. "मग मासा निसटणार नाहीं काय?" असें कोणी विचारील. दोरी ताणलेली ठेवली तर सहसा निसटत नाहीं. आणि जो निसटला तो माशाच्या कौशल्यानें निसटला, त्याबद्दल खेद कसला? उलट एका आंकड्याचा गळ क्षणांत निघतो, मासा पाण्याबाहेर फार वेळ राहत नाहीं, आणि आपलीं बोटेंहि सुरक्षित राहतात.

तिसरी गोष्ट, दोरीची ताकद. बारीक दोरीवर मोठा मासा खेळविण्यांत कांहीं लोक मोठा पुरुषार्थ मानतात. मला तो पुरुषार्थ वाटत नाहीं. बारीक दोरीमुळें झुंज लांबते. ऑगस्टांत खालच्या थंड पाण्यांतून ओढून आणलेला मासा वरच्या कोमट पाण्यांत दमून जातो, आणि सोडल्यावर पोहत गेला असें दिसलें तरी पुढें जगेलच असें नाहीं. या माशाच्या वायुकोशास घशाशीं जोडणारी एक नळी असते, तिच्यामुळें वर येतांना तो वायु बाहेर सोडूं शकतो. निसर्गानें केलेली ही सोय आपल्या हौसेनें वायां घालवूं नये. दोरी पुरेशी मजबूत असावी, मासा रेंगाळूं न देतां वर आणावा, हात ओले करून धरावा, आणि शक्य तर पाण्यांतच गळ काढून मोकळा करावा. भर उन्हाळ्यांत मात्र खाण्यापुरते एकदोन मासे मिळतांच गळ गुंडाळून ठेवणें हेंच उत्तम.

कोणता ठेवावा आणि कोणता सोडावा, याचेंहि उत्तर सरळ आहे. जेथें नियमाची आडकाठी नाहीं तेथें मध्यम मासा ताटासाठीं ठेवावा, आणि मोठा सोडून द्यावा. मोठी मादी हजारों अंडीं घालते, हें एक कारण. आणि या माशाच्या अंगांत वयाबरोबर पारा व इतर विषारी द्रव्यें सांठत जातात, म्हणून महासरोवरांतील मोठे मासे फार थोडे खावे, अथवा खाऊंच नयेत, असें तेथील आरोग्यखातींच सांगतात, हें दुसरें. या ठिकाणीं पोट आणि पुण्य यांचें एकमत झालें आहे; असा योग संसारांत विरळाच!

चवथी गोष्ट, शिसें. दोरीस लावलेली शिशाची गोळी तुटून तळाशीं पडते, आणि खडे गिळण्याची संवय असलेला लून पक्षी ती खड्यांबरोबर गिळतो. त्या एका गोळीनें तो विष बाधून मरतो. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर ज्याचें चित्र आहे तोच हा पक्षी. सन १९९७ पासून कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत पन्नास ग्रॅमहून कमी वजनाचीं शिशाचीं वजनें बाळगण्यास मनाई आहे. कथील, पोलाद, टंगस्टन यांचीं वजनें बाजारांत मिळतात. किंमत थोडी अधिक पडते, पण त्या किमतींत एका पक्ष्याचा जीव येतो.

यावर कोणी म्हणेल, "एवढा बाऊ कशाला? तीं सरोवरें समुद्राएवढीं. एका माणसाच्या एका गळानें मासे काय संपणार आहेत?" याला उत्तर असें कीं, ते एकदां संपले होते. नायगाराचा धबधबा हा वरच्या चार सरोवरांचा नैसर्गिक दरवाजा होता. तो चुकवून जहाजें नेण्यासाठीं माणसानें वेलँडचा कालवा काढला, आणि जहाजांच्या वाटेनें समुद्री लँप्रे नांवाचा जळूसारखा चिकटणारा जीव आंत शिरला. सन १९२१ मध्यें तो ईरी सरोवरांत, आणि सन १९३८ पर्यंत पार सुपीरियरपर्यंत पोंचलेला आढळला. याचें तोंड म्हणजे दांतांनीं भरलेली एक चकती. ती माशाच्या अंगास लावून तो रक्त शोषतो, आणि एक लँप्रे आपल्या आयुष्यांत सुमारें चाळीस पौंड मासे मारूं शकतो. त्यांत माणसाच्या जाळ्यांचीहि भर पडली. सन १९५० नंतर थोड्याच वर्षांत मिशिगन सरोवरांतून लेक ट्राउट नामशेष झाला.

सन १९५४ मध्यें कॅनडा आणि अमेरिका यांनीं तह करून एक संयुक्त मत्स्य आयोग स्थापण्याचें ठरविलें. लँप्रेच्या पिल्लांस मारील, पण इतर माशांस फारसें अपाय करणार नाहीं, असें द्रव्य शोधण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं हजारों रसायनें तपासलीं. सन १९५८ मध्यें तें ओढ्यांतून प्रथम वापरलें गेलें. त्याच्या जोडीस मत्स्यालयांत वाढविलेलीं लाखों पिल्लें सोडण्यांत आलीं, आणि मासेमारीवर निर्बंध घालण्यांत आले. सुपीरियरच्या बहुतेक भागांत लेक ट्राउट पूर्ववत् झाला आहे, असें जाहीर करण्यास सन २०२४ उजाडावें लागलें. दोन संपन्न राष्ट्रें, त्यांचे शास्त्रज्ञ आणि त्यांचा पैसा, एवढें सर्व असूनहि सत्तर वर्षें! ज्या माशाच्या पुनरागमनास एवढें मोल पडलें, त्याला तीन आंकड्यांच्या गळानें फाडून पाण्यांत फेंकून देण्याचा अधिकार कोणास आहे?

परंतु ज्ञान म्हणजे एकाच नियमाचें पाठांतर नव्हे. येलोस्टोन या अमेरिकन उद्यानांतील सरोवर पाहा. तेथील मूळचा मासा कटथ्रोट ट्राउट. तो अंडीं घालण्यास ओढ्यांतून वर चढतो, तेव्हां अस्वलें, ऊदमांजरें आणि गरुडासारखे पक्षी त्यावर पोट भरतात. या सरोवरांत लेक ट्राउट शिरल्याचें सन १९९४ मध्यें आढळून आलें. तो कटथ्रोटला खातो, आणि स्वतः खोल पाण्यांत राहून तेथेंच अंडीं घालतो. त्यामुळें अस्वलाच्या किंवा पक्ष्याच्या वाट्यास तो येत नाहीं. एका माशाच्या प्रवेशानें साऱ्या रानाची पंगत उठली! तेव्हांपासून तेथें जाळीं लावून हा मासा लाखोंनीं काढण्यांत आला आहे, आणि त्या सरोवरांत गळास लागलेला लेक ट्राउट जिवंत सोडूं नये असा उद्यानाचा नियम आहे. सुपीरियरच्या कांठीं माशास सोडणारा हात सभ्य ठरतो. येलोस्टोनच्या कांठीं तोच हात अपराधी ठरतो. गळ तोच, मासा तोच. पाणी बदललें, आणि धर्म बदलला.

या कथेस आणखी एक पदर आहे. त्याच उद्यानांतील लुइस सरोवरांत सन १८९० मध्यें मिशिगन सरोवरांतील लेक ट्राउट नेऊन सोडले होते. पुढें मिशिगनमधील मूळ वंश बुडाला, तेव्हां लुइस सरोवरांतील त्यांच्या वंशजांचीं अंडीं परत आणून मिशिगनमध्यें पिल्लें सोडण्यांत आलीं. जो एका पाण्यांत परका, तोच दुसऱ्या पाण्याचा वारस. म्हणून मी पुनः पुनः सांगतों कीं, आधीं सरोवराची माहिती करून घ्या, गळ नंतर.

हा विचार केवळ परदेशांतील पाण्यापुरता आहे असें नव्हे. आपल्याकडे महसीर माशासाठीं चमच्याचेंच आमिष वापरतात, आणि त्याचा वंश टिकावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या केंद्रांत त्याची पैदास करण्यांत आली आहे. उलट सन १९५२ मध्यें आफ्रिकेंतील तिलापिया आपल्या देशांत आणला गेला, आणि तो आज कित्येक तळ्यांत मूळच्या माशांच्या घांसाचा वांटेकरी होऊन बसला आहे. महसीर सोडावा आणि तिलापिया खुशाल ताटांत घ्यावा, हें सांगण्यास लेक ट्राउटच्या कथेहून निराळें शास्त्र लागत नाहीं.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें आहे. गळ हें लहान साधन आहे. परंतु साधन निवडतांना माणसाची परीक्षा होते. ज्याला नुसता मासा हवा असतो, तो दुकानाच्या भिंतीकडे पाहतो. ज्याला माशाचें पाणी, त्याचें खाद्य, त्याचें वय आणि त्याचें उद्यां ठाऊक असतें, त्याचें काम पांच आमिषांनीं, एका आंकड्यानें आणि एका उष्णतामापकानें भागतें. आणि त्याच्या मागून येणाऱ्यासहि मासा मिळतो. तुमच्यापैकीं कोणी पुढें त्या महासरोवरांच्या कांठीं गेलाच, तर परवाना काढून, त्या पाण्याचे नियम वाचून, गळाचा उलटा कांटा दाबून मगच दोरी पाण्यांत सोडावी, अशी माझी विनंती आहे.